आमच्या खोलीची ओळ

तेरडा बाजारात दिसला की माझं डोकं फिरतं. बाकीच्यांना गौरी येणार म्हणून उत्साह येतो. मला आधी राग येतो, आणि तरी मी पिशवी भरूनच निघते. परवा दादरला फुलबाजाराबाहेर पालघरकडच्या बायका तेरड्याच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. मुळांची माती अजून ओली. गुलाबी, पांढरा, आणि तो एक वेडा जांभळा. जुड्या घेतल्या, हिंदमाताला जाऊन गौरीसाठी हिरवी काठाची साडी घेतली, आणि डिलाईल रोडला चाळीत आईकडे गेले. दार नेहमीसारखं सताड उघडं. आई खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करताच तिने विचारलं, "तेरडो इलो काय गो?"

"इलो. आणि मीपण इलंय."

"तू काय, तू येतंसच."

ऐंशीच्या घरातली बाई. ऐकू कमी येतं, दिसतं अर्धंमुर्धं, पण टोमणा बरोबर जागेवर बसतो. मी साडी दाखवली. तिने काठ बोटांनी चाचपला. मग तांदळातला खडा बाजूला टाकत, जणू काही सहजच, "दिगू येतलो काय?"

दिगू माझा धाकटा भाऊ. कुडाळजवळच्या गावी असतो. आईने हा प्रश्न आजवर कधी विचारला नव्हता. गणपतीत तर नाहीच नाही, कारण गणपतीत कोकणातला माणूस गाव सोडून मुंबईला येत नाही, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी विचारलं. दिवाळीनंतर चाळ रिकामी करायची आहे. पाडणार, टॉवर बांधणार, आम्हाला त्यात घर देणार. या खोलीतली ही शेवटची गौर. भेटेल तो अभिनंदन करतो. "काय नशीब काढलंत! लिफ्ट, घरात संडास, अजून काय पाहिजे?" खरंच आहे. मलाही आनंद व्हायला हवा. होत नाही, त्याला मी काय करू?

आमच्या कोकणात गौर तेरड्याची. रोपं मुळासकट आणायची, त्यांची जुडी बांधायची, मुखवटा चढवायचा, साडी नेसवायची. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, तेवढाच तिचा मुक्काम. एक दिवस येण्याचा, एक जेवण्याचा, एक जाण्याचा. मधल्या दिवशी दुपारी जेवणं उरकली की चाळीतल्या बायका खालच्या चौकात झिम्मा धरायच्या. गोल रिंगण, टाळ्या, आणि कोकणातून ट्रंकेत घालून आणलेली गाणी. सासरची गाऱ्हाणी, माहेरची वाट, नणंदेचा नखरा. चाळीत निम्म्या खोल्या तेव्हा बंद असायच्या, माणसं गणपतीला गावी गेलेली. उरलेल्यांचा झिम्मा तो केवढासा.

गिरण्यांच्या संपाच्या वर्षी मात्र कुणीच गावाला गेलं नाही. एसटीच्या तिकिटाचं नावच काढायचं नव्हतं. त्यामुळे गंमत अशी झाली, की माझ्या लहानपणातला सगळ्यात मोठा झिम्मा त्या उपाशी भाद्रपदातला आहे.

तो भाद्रपद मला कानाने आठवतो. म्हणजे काय ऐकू येत नव्हतं, ते आठवतं. गिरणी आमच्या मागच्या भिंतीपलीकडे. साचे, म्हणजे माग, चालू असताना जमीन बारीक थरथरायची, मोरीतल्या बादलीतलं पाणी सतत कापत असायचं. मला वाटायचं, पाणी असंच असतं. संपात पहिल्यांदा बादलीत स्थिर पाणी पाहिलं आणि मी घाबरले. बाबांच्या केसांत कापसाचे तंतू दिसेनासे झाले. भोंगा बंद, म्हणून वेळ बंद. पुरुष भर दुपारी घरात. पायजमा आणि बनियन घालून गॅलरीत बसायचे, बायकांना वाट द्यायला पाय आखडून घ्यायचे, आणि आखडून घेताना ओशाळायचे. पुरुषमाणूस दिवसाढवळ्या घरात बसला की घर लहान होतं. आईच्या चुलीला तर काही कामच नव्हतं. पेज आणि वरून मीठ. कधीतरी सुक्या जवळ्याचा वास एखाद्या खोलीतून यायचा आणि सगळी गॅलरी गप्प व्हायची.

त्या दुपारी शेवंताकाकीने झिम्मा सुरू केला. काकी कोपऱ्यातल्या खोलीतली, आवाज घंटेसारखा. नेहमीचं एक गाणं झालं, दुसरं झालं. मग तिने रिंगणावर नजर फिरवली. गळे रिकामे, हात रिकामे. सणाला बायका नटल्या होत्या त्या फक्त तेरड्याची फुलं माळून. काकी टाळी वाजवत जागीच थांबली आणि कुणाचं काय काय गेलं, ते तिने मनचंच विचारलं,

"सांग गो सये, गेलां काय? तुझ्या घरातून गेलां काय?"

कुणीतरी फिसकन हसलं. शेजारची म्हणाली, काय हे सणासुदीला! पण टाळ्या चालू होत्या, आणि झिम्म्यात टाळी चालू असली की उत्तर द्यावंच लागतं. कुणी देईना, तेव्हा काकीनेच दिलं.

"मशीन गेली शिवणाची, सवय रवली पायाची."

तिचं शिलाई मशीन मारवाड्याकडे गेलं होतं. बसल्या बसल्या तिचा पाय हलायचा, हे आम्ही पोरं बघत होतो आणि हसत होतो. काकीच्या ओळीनंतर दुसरीने तोंड उघडलं. "घागर गेली तांब्याची, मायेरच्या नावाची." मग तिसरी. "घड्याळ गेलां भिंतीचां, काम नाय तां वेळेचां." वरच्या गॅलऱ्यांतून पुरुष वाकून ऐकायला लागले. आणि प्रत्येक ओळीनंतर सगळ्यांनी मिळून काय म्हणायचं, तेही काकीनेच ठरवलं, तिथेच, फिरता फिरता:

"जाऊं दे गेलां तां, गेट नाय सोडूचां!"

माझ्या अंगावर तेव्हा काटा आला होता. दहा-अकरा वर्षांची पोर मी, मला काय कळतंय? पण ज्या बायका नळावर बादली पुढे सरकवली म्हणून एकमेकींच्या झिंज्या धरायच्या, त्या एका आवाजात म्हणत होत्या, जाऊ दे. मला वाटलं, आता संप जिंकलाच.

नियमही तिथेच झाला. पुढच्या फेरीला एका बाईने उत्साहाच्या भरात घागरीची ओळ उचलली. घागरवाली जागच्या जागी थांबली आणि कडाडली, "घागर माझी गेली, तू कित्याक रडतंस?" त्या दिवसापासून ज्या खोलीची ओळ त्या खोलीनेच म्हणायची. दुसरीच्या तोंडात ती शोभत नाही. पुढे बायकांनी ते गाणं गिरणीच्या गेटवर नेलं. बाबांसारखे पुरुष डफ घेऊन घोषणांची गाणी म्हणायचे, ती थांबली की बायका रिंगण धरायच्या. गेटवर बंदोबस्ताला असलेल्या पोलिसांत एकजण आमच्या सावंतवाडीकडचा होता. घागरीच्या ओळीला तो म्हणे खाली स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहायचा.

आता आमच्या खोलीची ओळ सांगते. घरात गहाण टाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. डोरलं आधीच गेलं होतं. पण आईने डोरल्याचं नाव घेतलं नाही.

"झील गेलो मामाकडे, ताट रवलां माझ्याकडे."

झील म्हणजे मुलगा. दिगू. तो लहान, त्याला भूक कळायची आणि कारण कळायचं नाही. रात्रभर दुधासाठी रडायचा. मी मोठी, मला पाण्याच्या रांगेत उभं करता येत होतं, रेशनला पाठवता येत होतं. म्हणून मी राहिले आणि तो गेला. मामा श्रावणात येऊन त्याला गावी घेऊन गेला. संप मिटला की आणायचा, असं ठरलं होतं. त्याचं छोटं ताट, काठाला एक पोचा आलेलं, आईने मांडणीवर वरच्या फळीवर पालथं घालून ठेवलं. त्यात कुणी जेवायचं नाही.

आणि संप मिटलाच नाही. हरला असंही कुणी येऊन सांगितलं नाही. भोंगा झाला नाही, बस. बाबा वरळीच्या एका बिल्डिंगीत वॉचमन झाले. गणवेश घालून दुसऱ्याच्या गेटावर बसले. आज आणू, दिवाळीत आणू, शाळेचं वर्ष संपलं की आणू. आई एकदा आणायला गेली तेव्हा दिगू मामीच्या मागे लपला आणि पदराआडून म्हणाला, "आये, ही कोण बाई?" मामी बिचारी रडायला लागली. आई परत आली ती तांदळाचं गाठोडं आणि आमसुलं घेऊन. पुढच्या भाद्रपदात रिंगणात तिने आपली ओळ म्हटली, आवाज जरासुद्धा न हलवता.

दिगू तिथेच वाढला, शिकला. आता त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे, बायको चांगली आहे, मुलगी आहे, आर्या. माणूस वाईट नाही हो. फोन करतो, काजू पाठवतो. आईला 'मुंबईची आई' म्हणतो. बाबा गेले तेव्हा आला होता. तेराव्याला सगळे पांगल्यावर मला म्हणाला, "ताई, एक विचारू? तुला ठेवलीत आणि मलाच का देऊन टाकलंत?" आई मोरीत भांडी घासत होती. तिच्या हातातलं भांडं थांबलं, मग पुन्हा घासायला लागली. तिच्याकडे उत्तर होतं. पण ते गाण्यातलं होतं, आणि सुतकात कोण झिम्मा म्हणणार? आणि भाद्रपदात दिगू कधी इथे नाही. म्हणून इतकी वर्षं चाळीतल्या भिंतींना माहीत असलेली ती ओळ, ज्याच्यावर ती केली त्यालाच माहीत नाही. आपल्याला देऊन टाकलं, असं तो मानतो. आईने मात्र त्याला भर चौकात, दिलेल्यांत नाही, हातून गेलेल्यांत धरलं होतं. एवढंच तिला त्याला ऐकवायचं होतं. एकदा.

हल्ली मी फार ऐकते, की चळवळीची गाणी लढ्यांची आठवण जिवंत ठेवतात. भाषणात म्हणतात, पेपरात लिहितात. असेल बाबा. डफावर थाप पडली की अजून माझ्या पाठीतून काहीतरी सरसरत जातं, खोटं कशाला बोलू? पण ते येतं आणि जातं. त्यानंतर माणूस मोबाइल बघतो. मला विचाराल तर गाणं फक्त चाल सांभाळतं. चाल कुणाच्याही तोंडात बसते. पोटातली आग सांभाळायला पोटच लागतं, आणि ती पोटं एकेक करून चाळीतून गेली. कुणी विरारला, कुणी कायमचं गावी, कुणी शिवडीच्या स्मशानात.

खोली गेली की तिच्या ओळीचं काय करायचं, हा प्रश्न पहिल्यांदा घागरवालीच्या वेळी आला. ती खोली विकून डोंबिवलीला गेली. पुढच्या गौरीला रिंगण फिरत फिरत तिच्या जागेवर आलं. काकीने विचारलं, "गेलां काय?" आणि कुणी बोललं नाही. नुसत्या टाळ्या पडल्या, एक ओळ मावेल एवढ्या. मग बायकांनी आपसूकच अर्धंच म्हटलं, "जाऊं दे गेलां तां." पुढचं गेटाचं कुणी म्हटलं नाही. जी गेली तिला गेट कसलं? तेव्हापासून तीच रीत पडली. गेलेल्या खोलीची जागा भरायची नाही, दुसरी ओळ घालायची नाही. टाळ्या वाजवायच्या आणि अर्धं म्हणायचं.

वर्षागणिक टाळ्या वाढत गेल्या. घड्याळ गेलं, पाटल्या गेल्या, बकरी गेली. हो, एकीने चाळीत बकरी पाळली होती. गाण्यात शब्द कमी, टाळ्याच जास्त. गेल्या वर्षी तर शेवंताकाकीची ओळ, आईची ओळ आणि बाकी सगळा नुसता पाऊस पत्र्यावर पडावा तसा टाळ्यांचा आवाज. चाळीतल्या नव्या सुना कंटाळून म्हणतात, "काकी, जरा डीजेवालं काहीतरी घ्या ना." त्यांचंही चुकत नाही. त्यांच्या घरातून काही गेलेलं नाही, अजून.

आणि मग यंदा उन्हाळ्यात सानिका आली. दादरची मुलगी, गोड, सुती कुडता, स्वच्छ पुस्तकी मराठी. तिचा गाण्याचा ग्रुप आहे, जुनी संघर्षाची गाणी शोधून नव्याने बसवतात. तिला कुणीतरी आमच्या झिम्म्याचं सांगितलं. आईला कोण आनंद! इतक्या वर्षांनी कुणी विचारायला आलं. तिने चहा केला, पाय दुमडून बसली आणि शेवंताकाकीला बोलावून दोघींनी सगळं गाणं म्हटलं. रिकाम्या टाळ्यांसकट. सानिकाने मोबाइलवर घेतलं. नियमही आईने समजावून सांगितला. सानिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी, मी बघितलं ना.

श्रावणात तिने आम्हाला कार्यक्रमाला बोलावलं. आमच्या मागच्याच गिरणीत. म्हणजे जिथे गिरणी होती तिथे. आता तिथे ऑफिसं आहेत, हॉटेलं आहेत, चिमणी तेवढी ठेवलीय, तिला रात्री निळे दिवे लावतात. गेटावरच्या पोराने आईची पिशवी तपासली. त्यात एक छत्री आणि बीपीची गोळी. ज्या गेटावर बाबा संपात वर्षभर बसले, त्या गेटातून आई आयुष्यात पहिल्यांदा आत गेली, ती अशी.

गाणं छान बसवलं होतं, नाही म्हणत नाही. ढोलकी, गिटार, पोरींचे तयार आवाज. सुरुवात झाली आणि आईने माझं मनगट धरलं. "सांग गो सये, गेलां काय?" पण रिकाम्या जागा कुठेच नव्हत्या. सगळ्या भरल्या होत्या. नवीन ओळी, यमक घट्ट. घागरीची ओळ एक पोरगी हसत हसत म्हणत होती. आणि मग आमची आली. चाल एकदम उडती झाली, ढोलकीने ठेका धरला.

"झील गेलो मामाकडे, आंबे खाऊक मामाकडे!"

लोकांनी ठेक्यावर टाळ्या धरल्या. कुणी शिट्टी मारली. श्रावणातल्या दिगूला यांनी आंबे खायला पाठवलं! यांच्या मामाचं गाव कुठल्या कोकणात आहे, देव जाणे.

कार्यक्रमानंतर मी सानिकाला गाठलंच. "ताटाचं काय झालं गं?"

ती गोरीमोरी झाली. "काकू, ते ठेवलं होतं आधी. पण सगळंच फार जड होत होतं. मध्ये एक मुलांचं कडवं हवं होतं, लोकांना जरा श्वास घ्यायला. मला वाटलं, मामाकडे गेलाय म्हणजे तेवढीच एक सुखाची गोष्ट आहे गाण्यात."

"आणि टाळ्या? आईने सांगितलं होतं तुला."

"आम्ही ठेवून पाहिल्या. ऐकणाऱ्यांना वाटायचं रेकॉर्डिंग बिघडलंय." मग खाली वाकून आईच्या पायाला हात लावून म्हणाली, "आजी, चुकलं का काही?"

आईने तिच्या गालावरून हात फिरवला. "नाय गो बाय. आवाज बरो आसा तुझो." आणि जायला वळली. मी रस्ताभर बोलत सुटले. त्या पोरीला, त्या ढोलकीवाल्याला, निळ्या चिमणीला, सगळ्यांना शिव्या घातल्या. चाळीच्या जिन्यापाशी आई थांबली. दम लागला होता. म्हणाली, "गप गो आता. भांडून झील येतलो काय?"

तर असा यंदाचा भाद्रपद, आणि असा आईचा प्रश्न. मी दिगूला फोन केला. म्हटलं, शेवटची गौर आहे, एक दिवस ये, आई विचारतेय. तो गोंधळला. "अगं ताई, गणपती घरात बसवून कसा येऊ? आईला, म्हणजे मामीला, हल्ली उठवतही नाही. दिवाळीत येतो ना. तेव्हा सामान हलवायला माणूस लागेलच." दिवाळीत झिम्मा नसतो, हे त्याला काय सांगू? आईला सांगितलं, जमत नाही म्हणतो. तिने "हां" म्हटलं आणि मुखवटा पुसायला घेतला.

गौर आली त्या संध्याकाळी फोनवर दिगूचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, 'ताई, हे गाणं ऐकलंस का? आपल्या मालवणीत आहे, भारी आहे. इकडे सगळीकडे हेच वाजतंय. आर्याने बघ काय नाच बसवलाय. मुंबईच्या आईला दाखव.'

मामाचं अंगण. शेणाने सारवलेलं, मागे उघड्या दारातून गणपतीवरची माटवी, फळाफुलांची चौकट, दिसणारी. आर्या नऊवारीत, नाकात नथ. आणि सानिकाचा आवाज. घागर आली, मशीन आली, आर्या कमरेवर हात ठेवून लटकी रडली. मग ठेका बदलला. झील गेलो मामाकडे. आर्याने धावत जाऊन कॅमेऱ्याबाहेरून बापाला ओढून आणलं. दिगू, केस विरळ झालेला, पोट सुटलेलं, लाजत लाजत अंगणात दोन पावलं नाचला. आंबे खाऊक मामाकडे. दोन्ही हातांनी आंबा चोखल्याचं सोंग करत, मोकळा हसत.

आईला दाखवू नये, असं मनात आलं. पण ती शेजारीच बसली होती आणि तिने आवाज ओळखला होता. फोन डोळ्यांजवळ नेऊन तिने सगळं पाहिलं. पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा पाहिलं.

"नाचता बरा गो पोर," ती म्हणाली. "दिगू पण. बापाशीसारखो हसता."

"त्याला सांगू मी? आत्ता फोन लावते. ही ओळ तुझी आहे म्हणून सांगते. खरी ओळ सांगते." माझा आवाज चढला होता.

"काय सांगतलंस? त्येका हसाक येता, हसांदे. आता सांगान त्येका रडवूचा काय?"

"पण तुझं काय?"

मी फारच लांबचं विचारल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझां काय ता. फोन ठेव, वातीक तेल घाल."

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकात झिम्मा धरला. चौकात आता लोखंडी टेकू लावलेत, त्यांच्यामधून रिंगण. शेवंताकाकीला खुर्ची दिली. आई, मी, चार-पाच सुना, आणि शेजारच्या खोलीत भाड्याने राहणारी नागपूरची वैष्णवी, तिला सुट्टी होती म्हणून आलेली. काकीचा आवाज आता चिरका झालाय, पण प्रश्न तोच. तिने स्वतःच्या मशीनची ओळ म्हटली. आम्ही पूर्ण धरलं, गेटासकट. मग टाळ्या. मग पुन्हा टाळ्या. घागरीच्या, घड्याळाच्या, पाटल्यांच्या, बकरीच्या. प्रत्येकीनंतर, जाऊं दे गेलां तां. सुनांपैकी एकीने मला डोळ्यांनी विचारलं, अजून किती?

आईची पाळी आली. काकीने मान वळवून तिलाच विचारलं, "सांग गो सये, गेलां काय?"

आई टाळ्या वाजवत होती. तोंड मिटलेलं. मला वाटलं, विसरली. मी हळूच म्हटलं, "आई, आपली आहे." तिने मान हलवली. ऐकलं होतं. टाळ्या वाजवत राहिली, एका ओळीएवढ्या, ना कमी ना जास्त. काकीचे हात मध्येच थांबले, मग तीही वाजवू लागली. आणि बायकांनी, सवयीने, कुणी काही विचार न करता, अर्धं म्हटलं.

जाऊं दे गेलां तां.

माझ्याही तोंडून तेच निघालं. सगळ्यांबरोबर, ठेक्यात. आई म्हणाली की नाही ते मला दिसलं नाही. मी तिच्याकडे बघू शकले नाही.

वर आलो तेव्हा वैष्णवी मागोमाग आली, प्रसादाला. आईने करंज्यांचा डबा उघडला. इकडे तिकडे बघितलं, बश्या सगळ्या मोरीत. मग मांडणीकडे गेली, टाचा वर करून वरच्या फळीवर हात घातला आणि ते काठाला पोचा आलेलं ताट खाली काढलं. पदराने पुसलं. त्यात करंज्या ठेवल्या आणि त्या मुलीपुढे केलं.

माझ्या तोंडून "अगं आई" एवढंच आलं.

वैष्णवीने करंजी मोडली. "मस्त झाल्यात, आजी. ताट पण किती छान आहे, जुनं आहे ना?"

"खा गो, खा," आई म्हणाली. "तां असांच पडलेलां होतां."